रात्री इथे किती जण झोपतात

मला काळजी करायचाच पगार मिळतो, असं माझा नवरा म्हणतो. त्यात फारसं खोटं नाही. मी ज्या कक्षात काम करते त्याचं पूर्ण नाव दारावरच्या पाटीत दोन ओळींतही मावलेलं नाही: शाश्वत नगरविकास व आपत्ती सज्जता कक्ष. लोक आम्हाला पाणी-ऑफिस म्हणतात, कारण पाणी चढायला लागल्याशिवाय आमची कोणाला आठवण होत नाही. कुठली गल्ली आधी बुडते, कोणाला उचलून न्यावं लागेल, गच्चीची किल्ली कोणाकडे असते, हे सगळं कोरड्या दिवसांत लिहून ठेवायचं, हे आमचं काम.

आमच्या फॉर्मवरचा तिसरा प्रश्न माझा आहे. पूर्वी तिथे 'येथे किती व्यक्ती राहतात' असं होतं आणि लोक त्यावर काहीही सांगत. सहा वर्षांपूर्वी परदेशी गेलेला मुलगा अजून घरातच राहत असे आणि मागच्या खोलीतले चार भाडेकरू मात्र राहत नसत. मी तेव्हा नवी होते, सातवा महिना लागला होता आणि दारोदार हिंडत होते. एका दारात उभं राहून पाय इतके दुखायला लागले की मी म्हटलं, "आजी, बाकीचं जाऊ द्या, रात्री इथे किती जण झोपतात तेवढं सांगा." आजींनी बोटं मोजून खरा आकडा सांगितला. अंथरुणांबद्दल कोणी खोटं बोलत नाही. आमच्या कक्षप्रमुख मॅडमना ते इतकं आवडलं की पुढच्या छपाईत प्रश्न तसाच आला, मग सगळ्या विभागांत गेला. मॅडमनी एका परिषदेत त्यावर भाषण केलं. मी त्याचा फोटो माहेरी पाठवला होता.

तेव्हा पोटात होती ती आता अडीच वर्षांची आहे. तिला सगळे गुंडी म्हणतात, कारण उचलून घेणाऱ्याच्या शर्टाची गुंडी मुठीत धरल्याशिवाय ती कडेवर टिकत नाही. सासूबाईंचे गुडघे गेलेत, माझी आई लांब, नवऱ्याची पाळी बदलती. म्हणून गुंडी दिवसभर मावशींकडे असायची.

मावशींचं पाळणाघर ऑफिसपासून सात मिनिटांवर. रस्त्यापासून पाच पायऱ्या खाली उतरायचं. पूर्वी ते एका छापखान्याचं कागदाचं गोदाम होतं. लांबट खोली, जाड भिंती, उन्हाळ्यातही गार. खिडक्या छताला चिकटून आणि बाहेरून फुटपाथच्या पातळीला, त्यामुळे पोरांना येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. मावशी साठीच्या, एकटीने सगळं बघणाऱ्या. त्यांच्या हाताखाली पोरं लवकर शी-शू सांगायला शिकत, स्वतःची वाटी स्वतः विसळत. अशी जागा मिळाली म्हणून ऑफिसातल्या दोघीतिघी माझा हेवा करायच्या.

हे तुझ्या लक्षात कसं आलं नाही, असं आता कोणीही विचारेल. ती गल्ली आमच्या नकाशावर लाल आहे. गल्लीच्या पोटातून झाकलेला नाला जातो. वरच्या पुलाशी पाणी चढलं की इथे रस्त्यावर यायला त्याला बावीस मिनिटं लागतात, हे मला झोपेतही सांगता येईल. आणि मी रोज दोनदा त्या पाच पायऱ्या उतरत होते. पण ऑफिसातली मी आणि गुंडीची आई या दोघी जणू एकमेकींना ओळखतच नव्हत्या.

त्यांची गाठ एका मंगळवारी पडली. आमच्याकडे नकाशे करणारा एक आहे. त्याला सगळे नकाशावालाच म्हणतात. फोन उचलल्यावर तोही तेच नाव सांगतो. त्याने नवा नकाशा भिंतीवर लावला. जितके झोपणारे जास्त तितकं घर गडद.

"बघ," तो म्हणाला, "तुझ्या एका प्रश्नाने अख्खं शहर रंगवलं मी. पेढे तू द्यायचेस."

मी सवयीने आपली गल्ली शोधली. गडद, गडद, फिकट आणि मध्ये एक पांढरा चौकोन.

"हे पांढरं काय आहे?"

"रिकामं. गोदाम असेल. शून्य झोपतात."

"शून्य?"

"भुतं झोपत असतील तर ती फॉर्मात येत नाहीत."

मी हसले. मग नकाशाच्या जवळ गेले आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापासून दारं मोजली. चौथं दार. मावशींचं पाळणाघर.

कपाटातून फॉर्म काढला. कोणा स्वयंसेवकाच्या नीटस अक्षरात लिहिलं होतं: रात्री झोपणारे, शून्य. चालता न येणारे, शून्य. खाली मावशींची सही. त्या काहीच खोटं बोलल्या नव्हत्या. रात्री तिथे खरंच कोणी झोपत नाही. झोपतात ती दुपारी, एक ते तीन, बारा पोरं, ओळीने. शाळा आणि दवाखान्यांच्या आमच्याकडे वेगळ्या याद्या आहेत, पण पाटी नसलेलं पाळणाघर त्यांत कुठून येणार? इशारा आला की गल्लीचे स्वयंसेवक यादी घेऊन दारं ठोठावतात. शून्याच्या दारावर वेळ घालवायचा नाही, असं सूचनांमध्ये लिहिलंय. ते वाक्यही माझंच.

तेव्हाच मॅडमच्या खोलीत जायला हवं होतं. गेले नाही, कारण पुढे काय होतं ते मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी असंच एक तळघर आम्ही शोधून काढलं होतं. चौदा बायका शिवणकाम करायच्या. आम्ही नोंद केली, बांधकाम खात्याने आठवड्यात सील ठोकलं. आमच्या वार्षिक अहवालात तो फोटो आहे. त्या चौदा जणी नंतर कुठे गेल्या ते अहवालात नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

मी फॉर्म परत जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी गुंडीला नणंदेकडे नेऊन सोडलं. वन्सं टेकडीवर राहतात, तिसऱ्या मजल्यावर. मावशींना फोन करून सांगितलं, गुंडीला खोकला झालाय, बाकीच्या पोरांना नको.

"बरं केलंस," मावशी म्हणाल्या. "वाफ दे तिला."

पुढचे चार दिवस मी माणसात नव्हते. पावसाचे दिवस, रोज दुपारी आभाळ दाटून यायचं. माझ्या टेबलावर वरच्या पुलाशी पाणी मोजणाऱ्या यंत्राचा आकडा दिसतो, दर पाच मिनिटांनी बदलतो. मी जेवताना डबाही त्याच्यासमोर उघडायची. एक वाजला की डबा बाजूला सरकवायची. आता निजवली असतील. आता दिवे बंद केले असतील. माझी नाही त्यांत, असं मी स्वतःला सांगायची आणि त्याने बरं वाटायचं. ते बरं वाटणंच सहन होत नव्हतं.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "गुंडी सुरक्षित आहे ना? मग आता शांतपणे विचार कर."

"शांतपणे विचार करायला सगळ्या पावसाळ्याची मुदत आहे वाटतं?"

"मी कुठे तसं म्हटलं? तू माझ्यावर कशाला घसरतेस?"

खरंच, त्याच्यावर घसरून काय उपयोग होता.

सोमवारी दुपारी दीडला मी ऑफिसातून उठले. गुंडीचं दुपटं आणि कपड्यांची पिशवी आणायची, असं निमित्त केलं होतं. पाच पायऱ्या उतरून दार हळूच ढकललं. खोलीत अंधार, पंख्याचा आवाज, झोपलेल्या पोरांचा तो ओलसर दुधाळ वास. मी उभी राहिले. एक, दोन, तीन. भिंतीकडेची दोन अजून रांगणारी.

"काय मोजतेस?" मावशी कोपऱ्यात वाट्या पुसत बसल्या होत्या. त्या मला दिसल्याच नव्हत्या.

"काही नाही. दुपटं न्यायला आले."

"खोकला कसा आहे?"

"आहे जरा."

"फार शहाणा खोकला आहे तुझ्या पोरीचा," मावशी खालच्या आवाजात म्हणाल्या. "परवा तुझी नणंद बाजारात दिसली. कडेवर गुंडी, हातात पेरू, गाल हे एवढे. मला बघून हसली. खोकली काही नाही." त्यांनी वाटी खाली ठेवली. "माझं काही चुकलं का? मारलं का मी तिला? उपाशी ठेवली?"

"नाही हो मावशी."

"मग तुला काहीतरी माहीत आहे. पाणी-ऑफिसातली बाई गुपचूप आपलं पोर काढून नेते, एवढं कळायला मला शिक्षण लागत नाही."

मी सांगितलं. तिथेच, जमिनीवर बसून, दबक्या आवाजात: नाला, बावीस मिनिटं, पांढरा चौकोन, तिसरा प्रश्न. इशारा द्यायला आमचीच चारपाच मिनिटं जातात, तेही सांगितलं. मावशींनी वाटी पुन्हा उचलली आणि पुसत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "बाकीच्या आयांना सांगितलंस?"

"नाही."

"किती दिवस झाले?"

"सहा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. उठल्या, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. "चल. वर दुसऱ्या मजल्याच्या जिन्यापर्यंत किती वेळ लागतो ते बघू."

"आता? झोपलीत ती."

"पाणी काय त्यांना उठायची वाट बघणार आहे?"

आम्ही दिवे लावले. पहिली दोन मिनिटं नुसतं रडणं. रांगणारी दोन मी घेतली, एक खाकोटीला, एक खांद्यावर. मावशींनी मोठ्यांना हाका मारून उभं केलं. आणि मग जे झालं ते कुठल्याही सरावाच्या पुस्तकात मी वाचलेलं नाही. सगळी पोरं दाराकडे न जाता भिंतीकडच्या फळीकडे गेली आणि खाली बसून आपापले बूट शोधायला लागली.

"राहू दे रे बूट," मावशी म्हणाल्या. कोणी ऐकेना. "अनवाणी चला म्हणतेय ना मी."

"बूट घातल्याशिवाय पायरी चढायची नाही," एक चिरका आवाज आला. तो मावशींचाच रोजचा सूर होता, हुबेहूब. चार वर्षांची ती मुलगी डावाउजवा तपासून बघत होती. ही शिस्त मावशींनीच लावली होती आणि त्यासाठी आम्ही सगळ्या आया त्यांचं कौतुक करायचो. एकाला आम्ही बुटांशिवाय उचललं तर तो असा काही आकांताने ओरडला की बाकीचे जिन्यातून मागे पळाले.

दुसऱ्या मजल्यावर शेवटचं पोर पोचलं तेव्हा सव्वीस मिनिटं झाली होती. आणि आम्ही दोघी होतो. मावशी एरवी एकट्या असतात.

त्या जिन्यावर बसल्या, धापा टाकत. घामाने केस कपाळाला चिकटले होते. एक पोर त्यांच्या मांडीवर पुन्हा पेंगायला लागलं. खालच्या मजल्यावरच्या कोणीतरी दार उघडून विचारलं, "काय झालं हो?" मावशी म्हणाल्या, "काही नाही, सहलीला आलोय."

मग मला म्हणाल्या, "लिही तुझ्या फॉर्मात."

"लिहिलं की सील लागेल मावशी. आठवडाभरात."

"ते माझं मी बघीन. पण संध्याकाळपर्यंत इथे थांबायचं. आया न्यायला येतील तेव्हा तूच सांगायचंस. मी नाही सांगणार. मला माहीत नव्हतं."

मी ऑफिसात फोन करून अर्धी रजा टाकली. मॅडमना एवढंच सांगितलं की एका दारात अकरा पोरं निघालीत, उद्या फॉर्म आणते. संध्याकाळी साडेपाचपासून मी सगळ्यात वरच्या पायरीवर उभी होते. एकेक आई यायची, मी तिला थांबवायची आणि तेच सांगायची. तिसरीपर्यंत माझी वाक्यं ऑफिसातल्यासारखी सपाट झाली होती. दवाखान्यात परिचारिका असलेली एक जण ऐकून पटकन खाली उतरली आणि पोराचे हातपाय चाचपायला लागली, जणू पाणी येऊन गेलंय. दुसरी माझ्यावरच उखडली: "अहो, मग उद्या कुठे ठेवू? तुमच्या टेबलाखाली?" तिसरी म्हणाली, आमच्या लहानपणापासून ही गल्ली आहे, काही होत नाही, तुम्हाला घाबरवायचे पैसे मिळतात. हे माझ्या नवऱ्याच्या वाक्याच्या फार जवळ होतं.

सगळ्यात शेवटी बसवर कंडक्टर असलेली आली, गणवेशातच. तिची जुळी. तिने सगळं ऐकून घेतलं. पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"आणि तुमची?"

"काय?"

"तुमची मुलगी. ती दिसत नाही आज."

बाकीच्या निघालेल्या दोघीतिघी थांबल्या. मी म्हणाले, "ती माझ्या नणंदेकडे आहे. टेकडीवर."

"कधीपासून?"

"बुधवारपासून."

कंडक्टरबाईंनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खाली वाकून एका जुळ्याच्या बुटाचा बंद बांधला, मग दुसऱ्याच्या, आणि दोघांचे हात धरून निघाल्या. परिचारिकेने माझ्याकडे एकदा पाहिलं, खोटं माप देणाऱ्या दुकानदाराकडे बघावं तसं.

सगळ्या गेल्यावर मी पिशवीतून कोरा फॉर्म काढला. राहणाऱ्याची सही लागते, त्याशिवाय नोंद पक्की होत नाही. मावशी खोली झाडत होत्या.

"आज नाही करणार सही," त्या म्हणाल्या.

"मावशी, तुम्हीच तर म्हणालात लिही म्हणून."

"म्हणाले. करीनही. उद्या सकाळी." केरसुणी आपटून त्यांनी भिंतीला टेकवली. "सील लागायला आठवडा म्हणालीस ना? त्या आठवड्यात ही अकरा पोरं इथेच येणार. त्यांच्या आयांना दुसरं दार नाही, ऐकलंस तू. तू तुझ्या साहेबीणबाईंकडे जाणार, जागा मागणार. त्या म्हणणार, बघू. तू म्हणणार, बरं. कारण तुझी पोरगी टेकडीवर पेरू खातेय."

"असं नाही होणार."

"सहा दिवस असंच झालं." त्या रागावलेल्या नव्हत्या, त्यामुळे जास्त लागलं. "उद्या तुझी घेऊन ये. बारावी म्हणून लिही. मग देते सही."

रात्रभर मी काय केलं ते सांगण्यासारखं नाही. सकाळी नवरा चहाचा कप हातात तसाच धरून उभा राहिला. "म्हणजे तू तिला तिथे नेऊन ठेवणार? माहीत असताना?"

"बाकीच्यांनाही आता माहीत आहे. त्या नेतायत."

"त्यांना पर्याय नाही. आपल्याला आहे."

"म्हणूनच तर."

"हे मला कळत नाही," तो म्हणाला. "आणि तुलाही कळतंय असं मला वाटत नाही."

त्याचं बरोबर असेल. वन्संच्या दारात मी गुंडीला कडेवर घेतलं तेव्हा तिने माझ्या कुर्त्याची वरची गुंडी मुठीत पकडली आणि संबंध रस्ता सोडली नाही. मी टेकडी उतरताना तीनदा थांबले. एकदा तर परत वळून दहा पावलं चाललेही. ढग होते, पण उंच आणि पांढरे. तरी मी दर कोपऱ्यावर वर बघत होते.

पाच पायऱ्या उतरले. आत सात पोरं आलेली होती. फळीवरचे बूट मावशींनी काढून उंच कपाटात ठेवले होते आणि पोरांना अनवाणी रांग लावून दार ते जिना, दार ते जिना असं चालवत होत्या. दोन तोंडं रडकी होती. कंडक्टरबाई पण तिथे होत्या, आज गणवेशात नव्हत्या. त्यांनी मला पाहिलं, गुंडीला पाहिलं आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "आज माझी सुट्टी आहे. दिवसभर थांबते. उद्या दवाखान्यातली दुपारची येणार आहे. तुम्ही गुरुवार घ्या."

"घेते," मी म्हणाले.

गुंडीची मूठ सोडवायला वेळ लागला. मावशींनी चष्मा शोधला, फॉर्म भिंतीला लावून सही केली आणि आकडा मला लिहायला लावला. मी बारा लिहिले. बाराचा दोन तिरका झाला. खाली मोकळ्या जागेत लिहिलं: दुपारी एक ते तीन झोपणारे. चालता न येणारे दोन.

ऑफिसात मॅडमनी फॉर्म उभ्याउभ्या वाचला. चुकीच्या प्रश्नाचं सगळं मी सांगितलं, सहा दिवसांसकट. मॅडम हळूच खुर्चीत बसल्या.

"म्हणजे सगळे विभाग पुन्हा करायचे. दिवसाचे वेगळे." त्यांनी कपाळ चोळलं. "ते पुढचं पुढे. हे मी बांधकामला पाठवलं की ते सील लावणार, तुला माहीत आहे. जागेचं नंतर बघू."

"नंतर नको मॅडम. आपलं प्रशिक्षणाचं सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे. महिन्यातून चार दिवस वापरतो आपण ते."

"पाळणाघर? सरकारी इमारतीत? अगं, परवानग्याच किती लागतील. महिना जाईल. असं एकदम कसं..." त्या थांबल्या. फॉर्मवर बोट ठेवून त्यांनी पुन्हा वाचलं. "काल तू फोनवर अकरा म्हणाली होतीस. हे बारा कसे?"

"बारावी माझी आहे."

"ती आत्ता तिथे आहे?"

"हो."

मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांनाही दोन मुलं आहेत, मोठी झालेली.

"कधीपर्यंत ठेवणार आहेस?"

"तुम्ही किल्ली देईपर्यंत."

हे मी ठरवून म्हणाले नव्हते. मॅडमनी फोन पुढे ओढला आणि इमारतीच्या व्यवस्थापकाचा नंबर फिरवला. तिकडे कोणी उचलेना. त्यांनी पुन्हा फिरवला. मी माझ्या टेबलाशी जाऊन पुलाचा आकडा बघून आले. तो सकाळचाच होता. पाच मिनिटांनी पुन्हा बघून आले.